जुन्या रंध्याचा सौदा

जुनं रंधा मशीन बघायला आलेला जाणता सुतार त्याच्या रंगावर भाळत नाही. आधी वीज बंद करतो, पट्टा उतरवतो आणि कटर ब्लॉकचा दांडा धरून वर-खाली हलवून बघतो. किंचित जरी टकटक लागली, तरी बेअरिंग झिजलंय हे त्याला कळतं. मग टेबलावर लोखंडी पट्टी उभी ठेवून खालून उजेड डोकावतो का, ते पाहतो. या दोन परीक्षा पार पडल्या, की मगच भावाची गोष्ट निघते. मालकाने नवं मशीन आणलं म्हणून जुनं मोडीत निघालं असं होत नाही. ओतीव लोखंडाचा सांगाडा माणसापेक्षा जास्त जगतो.

इंग्लंडमधल्या पोर्ट्‌समथच्या गोदीत याचा मोठा दाखला आहे. गलबतांच्या शिडांचे दोर ओढायला लागणाऱ्या लाकडी कप्प्या पूर्वी हाताने घडवल्या जात. मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉड्‌स्लेने घडवलेली ४५ यंत्रं तिथे बसली आणि १८०८ पर्यंत वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. ११० कसबी कारागिरांचं काम १० माणसं करू लागली. यातली काही यंत्रं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत राहिली. पुढे काही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात गेली.

खासगी कारखानदाराला मात्र एवढं थांबून चालत नसे. एकोणिसाव्या शतकात छताखालच्या एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरत. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विजेची मोटर मिळू लागली, तशी शाफ्टवरची यंत्रं अडचणीची झाली. ती घेणाऱ्याला एक तर शाफ्ट हवा, नाही तर मोटर बसवण्याचा खर्च सोसायची तयारी हवी. नाही तर लोखंड वजनावर जायचं. इंग्लंडमधल्या लेस्टरची वॅड्‌किन ही लाकूडकामाची यंत्रं बनवणारी कंपनी १८९७ मध्ये सुरू झाली. तिची जुनी दणकट यंत्रं आजही हौशी सुतार शोधत फिरतात. पण घरी आणल्यावर थ्री फेजची मोटर सिंगल फेजवर चालवायची कशी, हा पेच पडतोच.

यंत्र जुनं झालं याचा खरा अर्थ सुतारकामात शिकवला तो चौकोनी ठोकळ्याने.

हाताने लाकूड सारायच्या रंध्याचं टेबल दोन भागांत असतं. मधल्या फटीत ठोकळा, म्हणजेच कटर ब्लॉक, फिरतो आणि त्यावर पाती आवळलेली असतात. पूर्वी हा ठोकळा चौकोनी असे. त्याचे कोपरे टेबलाच्या कडेजवळून जात, पण सपाट बाजू वर आली की कड आणि ठोकळा यांच्यामध्ये बोट मावेल एवढी पोकळी उघडे. लाकडातली गाठ लागली की लाकूड मागे उसळतं आणि त्यावर टेकलेला हात खाली येतो. बोटं त्या पोकळीत जात आणि पाठोपाठ येणारं पातं ती तोडून नेई. गोल ठोकळ्यात ही पोकळी उरत नाही, पातं जेमतेम डोकावतं. जखम त्यानेही होते, पण बऱ्याचदा कातडी-मांसावर निभावतं. सुताराची बोटं म्हणजे त्याची रोजीरोटी, हे लक्षात घेतलं तर या एका बदलाचं मोल कळेल.

ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी अशा रंध्यांना गोल ठोकळा सक्तीचा केला. जबाबदारी होती यंत्र वापरणाऱ्या कारखान्याची. विकणाऱ्याला कायद्याने हात घातला तो १९३७ मध्ये: फिरत्या दांड्यावरचे बाहेर आलेले स्क्रू, बोल्ट आणि चाव्या झाकलेल्या नसतील, तर असं यंत्र कारखान्यासाठी विकणारा किंवा भाड्याने देणाराही दोषी. मात्र ३० जुलै १९३७ पूर्वी बनलेली यंत्रं यातून सुटली. म्हणजे ज्या जुन्या मालात धोका सर्वांत जास्त, तोच मोकळा राहिला. ही सूट चुकीची होती.

भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने हाच नियम घेतला, पण शब्द बदलला. कलम २६ मध्ये यंत्र कधी बनलं हे न पाहता कायदा लागू झाल्यानंतर ते कारखान्यात बसवलं का, एवढंच पाहिलं. त्यामुळे जुनं यंत्र नव्या जागी बसवलं की तेही नियमाखाली आलं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ती विकणाऱ्यापुरतीच नव्हती, त्याच्या वतीने सौदा जुळवणारा दलालही तिच्यात धरला होता.

चांगले विक्रेते कायद्याची वाट बघत बसले नाहीत. जुन्या सांगाड्यात गोल ठोकळा बसवता येतो. त्यासाठी टेबलाच्या कडा पुढे घेऊन फट कमी करावी लागते. खर्च होतो, पण मशीन नव्या मालकाच्या हाती सोपवताना त्याला पट्टा उतरवून ठोकळा बिनधास्त फिरवून दाखवता येतो.