सॉनिक द हेजहॉग २

सॉनिक द हेजहॉग २ : सेगा या जपानी कंपनीच्या मेगा ड्राइव्ह (अमेरिकेत जेनेसिस) या कन्सोलसाठी १९९२ मध्ये निघालेला, प्लॅटफॉर्म प्रकारातला वेगवान व्हिडिओ गेम. १९९१ मधल्या सॉनिक द हेजहॉग या गेमचा हा दुसरा भाग. तुफान धावणारा निळा हेजहॉग सॉनिक हा नायक. प्राण्यांना यंत्रांत कोंडून त्यांचे रोबॉट करणारा आणि ‘डेथ एग’ नावाचे अंतराळस्थानक उभारू पाहणारा डॉ. रोबॉटनिक हा खलनायक. कथानक एवढेच आहे आणि ते पुरते, कारण या गेमचा सगळा जीव धावण्यात आहे.

निर्मिती. पहिला भाग जपानमध्ये तयार झाला होता, दुसरा कॅलिफोर्नियात. मार्क सर्नी यांनी तिथे सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूट हा स्टुडिओ सुरू केला होता. पहिल्या भागाचे प्रोग्रामर युजी नाका आणि लेव्हलची रचना करणारे हिरोकाझु यासुहारा तिथे गेले. अमेरिकन आणि जपानी कलाकारांनी भाषेची अडचण सोसत वर्षभराच्या आत हे काम उरकले. सॉनिकचे मूळ चित्रकार नाओतो ओशिमा जपानमध्येच राहिले आणि तिकडे ‘सॉनिक सीडी’ (१९९३) हा वेगळा गेम घडला. कार्ट्रिजची क्षमता पहिल्या भागाच्या दुप्पट, म्हणजे ८ मेगाबिट झाली होती. तरीही वेळ कमी पडला आणि ‘हिडन पॅलेस’सह काही झोन, म्हणजे खेळातले प्रदेश, गाळावे लागले. हा गेम जपानमध्ये २१ नोव्हेंबर १९९२ रोजी आला. अमेरिका आणि युरोपात तो २४ नोव्हेंबरला, मंगळवारी, सर्व दुकानांत एकाच दिवशी ठेवण्यात आला. प्रत्येक दुकानात माल वेगवेगळ्या दिवशी पोचण्याच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

रचना. गेममध्ये ११ झोन आणि त्यांचे मिळून २० अॅक्ट (टप्पे) आहेत. पहिल्या भागात प्रत्येक झोनचे तीन अॅक्ट होते. इथे बहुतेक झोन दोन अॅक्टमध्ये संपतात, म्हणजे एका जागेचा कंटाळा येण्याआधीच दुसरी समोर येते. हिरवेगार एमराल्ड हिल, नळ्यांचे जाळे असलेला केमिकल प्लांट, पाण्यात बुडालेले अवशेष, रोषणाईने लखलखणारा कॅसिनो, तेलाचा समुद्र, विमानाच्या पंखावरची चढाई अशी ही यात्रा आहे.

वाटेत गोळा करायच्या रिंगांची व्यवस्था पहिल्या भागातलीच आहे. अंगावर एक जरी रिंग असली तरी शत्रूच्या धक्क्याने सॉनिक मरत नाही, रिंगा मात्र उधळल्या जातात. वेगात धावताना धडका बसणारच, हे मान्य करून केलेली ही फार शहाणपणाची सोय आहे.

बलस्थाने. सॉनिकचा वेग बटण दाबले की मिळतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो जमिनीकडून मिळतो. सपाटीवर धावताना त्याचा वेग ठरावीक मर्यादेपर्यंतच वाढतो. पण उतारावर खालचे बटण दाबून चेंडूसारखे गुंडाळून घेतले की तो त्या मर्यादेपलीकडे जातो, आणि तोच वेग पुढच्या चढावर किंवा वर्तुळाकार वळणावर खर्ची पडतो. उतार कुठे आहे, गुंडाळायचे कधी आणि उडी कोणत्या क्षणी मारायची, हे ज्याला कळले त्याला एमराल्ड हिल एका दमात पार करता येते.

लेव्हलची मांडणीही या तत्त्वाला धरून आहे. वरचा मार्ग जलद आणि बक्षिसांचा, खालचा संथ आणि जोखमीचा. उडी चुकली तर लगेच मरण येत नाही, माणूस खालच्या मार्गावर पडतो आणि खेळ चालू राहतो. त्यामुळे तोच झोन पुन्हा खेळताना नवा वाटतो. यासुहारांचे हे कौशल्य केमिकल प्लांटमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. नळीतून भिरकावले जाणे, खोल उतार, गोल वळण आणि पुन्हा उतार हा क्रम इतका अचूक बसवला आहे की तीस वर्षांनंतरही वेगवान गेम करणाऱ्यांनी तो अभ्यासावा.

या भागाची खरी देणगी म्हणजे ‘स्पिन डॅश’. पहिल्या भागात चढाच्या पायथ्याशी वेग संपला की मागे जाऊन, धाव घेऊन पुन्हा यावे लागे. मागे जागा नसली तर खेळणारा वैतागून जाई. इथे खालचे बटण धरून ठेवायचे, उडीचे बटण दोनचारदा दाबायचे आणि खालचे सोडायचे. सॉनिक जागच्या जागी गरगरतो आणि सुसाट सुटतो. ही युक्ती इतकी नैसर्गिक ठरली की पुढच्या भागांनी ती कायम ठेवली आणि २०१३ मध्ये मोबाइलसाठी नव्याने केलेल्या पहिल्या भागातही ती घालण्यात आली.

दुसरी देणगी म्हणजे टेल्स, दोन शेपट्यांचा कोल्हा. याची कल्पना यासुशी यामागुची यांची. दुसरा कंट्रोलर जोडून कुणीही टेल्सला खेळवू शकतो. त्याने मिळवलेल्या रिंगा सॉनिकच्या खात्यात जमा होतात आणि तो कितीही वेळा मेला तरी उडत परत येतो. घरातल्या धाकट्याला हातात कंट्रोलर देऊन, खेळ न बिघडवता, सोबत खेळवण्याची एवढी प्रेमळ सोय त्या काळात क्वचितच दिसे.

संगीत ड्रीम्स कम ट्रू या जपानी पॉप बँडच्या मासातो नाकामुरा यांचे आहे. मेगा ड्राइव्हच्या ध्वनिचिपमध्ये मोजकेच आवाज एका वेळी वाजू शकतात, पण मुळात गाण्याची चाल बांधणारा माणूस असल्यामुळे प्रत्येक झोनची धून गुणगुणता येते. मिस्टिक केव्ह या झोनची ठेका धरणारी धून तर गेम बंद केल्यावरही डोक्यात घोळत राहते.

उणिवा. या गेमची मोठी उणीव त्याच्या सर्वांत मोठ्या गुणालाच चिकटलेली आहे. पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल आणि सॉनिक जवळपास मधोमध, म्हणजे पुढचे फक्त १६० पिक्सेल दिसतात. पूर्ण ताकदीने सोडलेला स्पिन डॅश एका फ्रेममध्ये १२ पिक्सेल जातो आणि अमेरिकन व जपानी टीव्हीवर सेकंदाला ६० फ्रेम असतात. म्हणजे कडेला दिसलेला काटा अंगावर यायला पाव सेकंदही लागत नाही. माणसाला नुसते पाहून बोट हलवायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. त्यात डॅश सुटताना कॅमेरा क्षणभर मागे रेंगाळतो, त्यामुळे पुढचे आणखी कमी दिसते. सॉनिक सीडीत वेग वाढला की कॅमेरा पुढे सरकतो आणि समोरची जागा जास्त दाखवतो. त्याच पिढीच्या यंत्रावर हे शक्य होते, म्हणून इथली उणीव यंत्राच्या माथी मारता येत नाही. स्पिन डॅशमुळे वेग कष्टाशिवाय मिळू लागला, पण नजरेला जास्त अंतर मिळाले नाही. परिणामी नवखा खेळाडू धडकतो आणि पाठांतर झालेला सुटतो.

मेट्रोपोलिस झोनमध्ये ही अडचण टोकाला जाते. तीन अॅक्ट असलेला हा एकमेव झोन, आणि तोही शेवटाकडे, दमलेल्या वेळी येणारा. पाठलाग करणारी पाती फेकणारे रोबॉट, लांब नांगी पुढे काढणारे खेकडे आणि फुटून काटे उधळणारे तारे अरुंद वाटांवर बसवले आहेत. मोठ्या नटवर पळत-पळत सावकाश वर चढायचे आणि माथ्यावर यांपैकी कुणीतरी वाट पाहत असते. वेगाचा गेम इथे पावलापावलाने खेळावा लागतो. अवघड असण्याला हरकत नाही, पण ही अवघडता गेमच्या स्वभावाविरुद्ध आहे.

शेवटचा डेथ एग झोनही वादाचा विषय आहे. तिथे एकही रिंग नाही. सॉनिकच्या धातूच्या प्रतिकृतीला आठ फटके मारायचे, मग रोबॉटनिकच्या प्रचंड यंत्राला बारा, आणि मध्ये एकदाही मार बसता कामा नये. बसला तर दोन्ही लढाया पहिल्यापासून. गेमभर जी सोय शिकवली ती ऐन वेळी काढून घेतली आहे. काहींना यातला थरार आवडतो, प्रस्तुत नोंदकाराला मात्र तो अन्याय वाटतो. खेळ सेव्ह करण्याची सोय नसल्यामुळे हा अन्याय अधिकच जाचतो.

टेल्सची सोबतही सर्वत्र सुखाची नाही. ५० रिंगा घेऊन चेकपॉइंटवरून स्पेशल स्टेजमध्ये जाता येते. अर्ध्या नळीतून धावत रिंगा गोळा करून तिथे ‘केऑस एमराल्ड’ मिळवायचा असतो. दुसरा खेळाडू नसेल तर टेल्स सॉनिकच्या हालचाली थोड्या उशिराने करतो. सॉनिकने चुकवलेल्या बाँबवर तो नेमका आदळतो आणि मिळवलेल्या रिंगा गमावतो. सातही एमराल्ड जमवायचे असणारे बरेच खेळाडू म्हणूनच एकट्या सॉनिकची निवड करतात.

एमराल्ड पुरे झाले की ५० रिंगांवर सोनेरी, अजिंक्य ‘सुपर सॉनिक’ होता येते. हे बक्षीस भव्य आहे, फक्त ते साध्या उडीबरोबर आपोआप अंगावर येते, मनात असो वा नसो. दर सेकंदाला एक रिंग जळते. मिस्टिक केव्हच्या दुसऱ्या अॅक्टमध्ये काट्यांनी भरलेला एक खड्डा आहे, त्यातून बाहेर पडायला वाटच नाही. सुपर सॉनिक त्यात पडला तर काटे त्याला मारू शकत नाहीत आणि तो वरही येऊ शकत नाही. शंभर रिंगा असतील तर दीड मिनिटाहून अधिक काळ, त्या संपून मरण येईपर्यंत, नुसते उभे राहायचे. २०१३ मध्ये क्रिश्चन व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी मोबाइलसाठी गेम नव्याने बांधला, तेव्हा या खड्ड्यालाच वाट फोडली आणि गाळलेला हिडन पॅलेस तिथे पुरा करून बसवला.

अन्य आवृत्ती व पुढचा भाग. मास्टर सिस्टिम आणि गेम गिअर या ८-बिट यंत्रांवरचा त्याच नावाचा गेम अॅस्पेक्ट या कंपनीने केलेला, पूर्ण वेगळा आहे. त्यात टेल्सचे अपहरण झालेले असते. गेम गिअरच्या लहान पडद्यामुळे त्याचा पहिलाच बॉस अतिशय अवघड झाला आहे, कारण उतारावरून उसळत येणारे गोळे अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत. १९९४ च्या सॉनिक द हेजहॉग ३ मध्ये वरच्या बऱ्याच तक्रारींची दखल घेतलेली दिसते. तिथे खेळ सेव्ह होतो, टेल्सला स्वतःच्या इच्छेने उडवता येते आणि सुपर सॉनिक होण्यासाठी हवेत असताना उडीचे बटण पुन्हा दाबावे लागते.