एकट्याचे बिऱ्हाड : गिरणगावातील सड्या कामगारांची जीवनव्यवस्था

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहिताना वेतन, संप व संघटना यांचा ऊहापोह विपुल झाला आहे. परंतु गिरणीत राबणारा पुरुष पुष्कळदा कुटुंब गावी ठेवून आलेला असे, आणि चुलीवाचूनचे हे आयुष्य त्याने कसे निभावले, या प्रश्नाकडे त्या मानाने थोडेच लक्ष गेले. १८५६ मध्ये शहरातील पहिली गिरणी चालू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून माणसांचा ओघ लागला. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ स्त्रियाच आढळल्या.

या आकड्यावरून शहर एकाकी पुरुषांचे होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; तो अर्धाच खरा. सरकारी चौकशी-अहवालांनी खोलीत माणसे किती, हेच प्रामुख्याने मोजले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न दाटीचा होता, एकटेपणाचा नव्हे. मराठीत मात्र अशा माणसाला ‘सडा’ म्हणत. दहाजणांच्या खोलीत निजणाराही सडाच. कारण त्याच्यामागे तेथे घर नव्हते. गाववाल्यांनी मिळून गाळा भाड्याने घ्यावा, प्रत्येकाने आपली ट्रंक व वळकटी भिंतीकडेला लावावी, आणि पाळीप्रमाणे एकाने उठावे तेव्हा दुसऱ्याने आडवे व्हावे, असा क्रम असे. घराची कामे येथे नाहीशी झाली नव्हती. ती वाटली गेली होती. आजारपण गाववाल्यांकडे, उधारी वाण्याकडे, नोकरीची भीड जॉबरकडे, पत्र लिहिणे शेजारच्या साक्षराकडे.

या वाटणीत सर्वांत महत्त्वाची होती ती खानावळ. दोन वेळचे जेवण, हिशेब महिन्याचा, आणि पैसे पगार झाल्यावर. पगार मागील महिन्याचा व तोही उशिरा मिळे, म्हणून खानावळवालीची उधारी हाच नवागताचा पहिला आधार ठरे. ती स्वतः पुष्कळदा विधवा, परित्यक्ता किंवा बेकार कामगाराची पत्नी असे. सड्या पुरुषाचे एकटेपण जिच्या कष्टांनी सुसह्य झाले, तिची नोंद कामगार म्हणून क्वचितच झाली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांचा व्यवसाय व्यवसाय म्हणून दिसू लागला.

गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. धोबीतलाव परिसरातील ‘कूड’ ही एकेका गावाची सामाईक निवासस्थाने होत. बोटीवरच्या खलाशाची पेटी तेथे राही आणि सायंप्रार्थनेस उपस्थिती अपेक्षित असे. शिस्त येथे अधिक होती. गिरणगावात ती लोकलज्जेवर सोपविलेली दिसते.

गावाशी टिकलेला हा संबंध मागासलेपणाचे लक्षण आहे, असे गिरणीमालक म्हणत. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये या समजाला धक्का दिला. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात त्याहून पुढे जाऊन दाखविले की गावचा आधार असल्यामुळेच कामगार दीर्घ संप लढवू शकला. हे मत ग्राह्य वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात असंख्य कामगार गावी परतले, ते काही केवळ पराभूत म्हणून नव्हे.

तथापि या सर्व विवेचनात एक बाजू रिकामी राहते. मुंबईतील सड्याला गाळा होता, खानावळ होती, भजनीमंडळ होते. गावी राहिलेल्या पत्नीला शेत, सासू-सासरे आणि मुले होती. तिच्या एकटेपणासाठी अशी एकही संस्था उभी राहिली नाही. १८८० मध्ये टपालखात्याने मनीऑर्डरची सोय केल्यावर पैसे थेट गावी येऊ लागले. त्या मनीऑर्डरच्या पोचपावतीवर उमटविलेला अंगठा, एवढाच तिचा लेखी पुरावा अनेक ठिकाणी उरला असेल. आणि बऱ्याचदा तोही सासऱ्याचाच असे.