नियतीचं कुळ

'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त' यातला 'नियत' आणि 'त्याची नियत ठीक दिसत नाही' यातली 'नियत' यांची काही सोयरीक नाही. दुसरी अरबीतून आलेली, अर्थ मनातला हेतू. पहिला संस्कृतातला, 'यम्' म्हणजे आवरणे या धातूचा. नियम त्याचा भाऊ, नियती बहीण.

या बहिणीला सर्वाधिकार दिले मक्खली गोशालाने. बुद्ध आणि महावीरांचा हा समकालीन, आजीविकांचा आचार्य. त्याच्या पंथाचे ग्रंथ उरले नाहीत, त्यामुळे त्याचं म्हणणं विरोधकांच्या तोंडून ऐकावं लागतं. बौद्धांच्या दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात ते असं येतं: बळ, पराक्रम, प्रयत्न सगळं व्यर्थ. फेकलेला सुताचा गुंडा सूत संपेपर्यंत उलगडतो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही 84 लाख महाकल्प भटकून मगच दुःखातून सुटणार. गंमत म्हणजे असं मानणारे हे लोक कडक तपश्चर्या करत. अशोकाने गयेजवळच्या बराबर टेकडीत त्यांना लेणी दिली. ग्रॅनाइटच्या भिंतींना आरशासारखी झिलई असलेली.

खरी झोंबी मात्र एका कुंभाराच्या अंगणात झाली. 'उवासगदसाओ' या जैन आगमात सद्दालपुत्त नावाचा सधन कुंभार आहे, पक्का आजीविक. महावीर विचारतात, ही मडकी प्रयत्नाने घडतात की प्रयत्नावाचून? तो म्हणतो, प्रयत्नावाचून. सगळं ठरलेलंच आहे. मग कुणी ती फोडली, तुझ्या बायकोवर हात टाकला, तर? कुंभार उसळतो: शिव्या देईन, बडवेन, जीवही घेईन! पण ठरलेलंच असेल, तर त्या माणसाचा गुन्हा काय? सद्दालपुत्त महावीरांचा उपासक होतो. गोष्ट जैनांनी सांगितलेली, तेव्हा जिंकणार कोण हे आधीच नियत होतं. तरी प्रश्न अस्सल आहे.

पुढे काश्मीरच्या शैवांनी नियतीला जीवाच्या पाच कंचुकांपैकी, म्हणजे आवरणांपैकी, एक केलं. आजीविक पंथ दक्षिणेत बराच काळ तग धरून संपला. शब्द राहिला, पण मराठीत येईतो त्याला स्वभाव फुटला. गोशालाच्या नियतीला ना राग, ना लोभ. आमची नियती क्रूर असते, डाव साधते, घाला घालते. घाटात जीप दरीत कोसळली की बातमीचा मथळा असतो 'नियतीचा घाला', आणि त्याच बातमीची शेवटची ओळ असते: चालकावर गुन्हा दाखल.