‘ॲव्हरेज’च्या पलीकडचा हिशेब

नवी मोटार घ्यायचे ठरले की ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. त्यातून खिशाला बसणारी झळ कळते. हवेवर पडणारा भार मात्र कळत नाही.

मुळात हा आकडाच फसवा असतो. कंपनी सांगते ते ॲव्हरेज प्रयोगशाळेत, ठरावीक पद्धतीने गाडी चालवून मोजलेले असते. सिग्नल, वाहतूक कोंडी आणि वातानुकूलन यंत्रणा यांमुळे शहरात ते घटते. शिवाय वर्षाला १० हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज २० वरून २५ वर गेले, तर १०० लिटर इंधन वाचते. ८ वरून १० वर गेले, तर तब्बल २५० लिटर. म्हणजे अवजड गाडीतील किरकोळ वाटणारा फरकच अधिक मोलाचा ठरतो.

इंधन बदलले की तुलना आणखी अवघड होते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो, तर एक लिटर डिझेलमधून सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सीएनजीचे प्रमाण किलोमागे सुमारे २.७५ किलो आहे. समजा, पेट्रोलची गाडी लिटरला १८, डिझेलची २२ आणि सीएनजीची किलोला २५ किलोमीटर धावते. मग १०० किलोमीटरला अनुक्रमे १२.८, १२ आणि ११ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ॲव्हरेजमध्ये दिसणारी मोठी तफावत येथे बरीच आक्रसते.

डिझेलचा खरा उपद्रव निराळा आहे. त्याच्या धुरातील सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे थेट श्वसनावर आघात करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस ६’ मानकांमुळे नव्या गाड्यांचा धूर बराच कमी झाला. मात्र त्यांतील काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्यांना तो त्रासदायक ठरतो.

सीएनजीच्या धुरात काजळी जवळजवळ नसते. मुंबईच्या टॅक्सी-रिक्षांनी तो स्वीकारला, त्याचा लाभ शहराला झाला. मात्र हा वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. तो न जळता गळाला, तर तापमानवाढीच्या दृष्टीने शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट घातक ठरतो.

हायब्रिड मोटार ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरते. त्यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत ती सरस ठरते. लिटरला २५ किलोमीटर धावल्यास तिचे उत्सर्जन १०० किलोमीटरला सुमारे ९.२ किलो भरते. महामार्गावर मात्र हा लाभ कमी होतो.

विजेच्या मोटारीला धुराडेच नाही. पण देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १०० किलोमीटरला १५ युनिटे लागली, तर हा आकडा साडेदहा किलोंवर जातो. मुंबई-पुण्याची हवा स्वच्छ राहते, पण त्या धुराचा काही वाटा चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांभोवतीच्या रहिवाशांच्या पदरी पडतो. बॅटरीच्या निर्मितीचा भार वेगळाच. दुसरीकडे, पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचे उत्सर्जनही वरच्या हिशेबात धरलेले नाही. शिवाय सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तशी विजेची मोटार दरवर्षी अधिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीला ती सोय नाही.

म्हणूनच वापर पाहून निवड करणे श्रेयस्कर. शहरात रोज बरेच फिरणे असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर विजेची मोटार. ती सोय नसेल, तर हायब्रिड किंवा सीएनजी विचारात घ्यावी. आठवड्यातून एकदाच गाडी बाहेर काढणाऱ्याला लहान पेट्रोल मोटार पुरेशी आहे. आणि कोणतीही गाडी घेतली, तरी एकट्याऐवजी चौघांनी मिळून प्रवास केल्यास माणशी उत्सर्जन जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते. एवढी बचत केवळ इंधन बदलून साधणे कठीण आहे.