नागिणीच्या औषधाची वंशावळ

नागिणीचे तोंड आणि शेपूट भिडले की माणूस दगावतो, ही धास्ती लालबाग-परळच्या चाळींना नवी नाही. पण ती फोल आहे. कपाळावरची नागीण तर मधली रेघही ओलांडत नाही. ती एकाच बाजूच्या मज्जातंतूवरून उठते. भीती आहे ती डोळ्याची. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर काव लावत न बसता परळचे बच्चूअली नेत्र रुग्णालय गाठावे. विषाणूवरची असायक्लोव्हिरची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झालेली बरी.

या गोळीचा पूर्वज होता आयोडीनचे एक संयुग, आयडॉक्सयुरिडिन. येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ यांनी ते १९५९ साली बनवले, तेही कॅन्सरसाठी. डीएनएला लागणाऱ्या थायमिडिनमधला मिथाइल गट काढून तिथे त्यांनी आयोडीनचा अणू बसवला. आकार जवळपास तोच, त्यामुळे विषाणू ही खोटी वीट आपल्या भिंतीत चिणतो. पण फसायला आपल्या पेशीही तयारच! शरीरात देण्यासाठी औषध फारच विषारी निघाले. डोळ्यात थेंब टाकायला मात्र चालले. नेत्रतज्ज्ञ हर्बर्ट कॉफमन यांनी १९६२ साली नागिणीच्या चुलत विषाणूने, हर्पिस सिम्प्लेक्सने, बुबुळावर केलेल्या जखमा याच थेंबांनी बऱ्या केल्या. १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे विषाणूवरचे पहिले औषध.

खुद्द नागिणीवर त्याची मजल बेताचीच. १९७०मध्ये इंग्लंडात ते डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात मिसळून कातडीवर लावून पाहिले गेले, गुणही आला. पण डोळ्यावरच्या नागिणीचे मूळ मज्जातंतूत. थेंब तिथवर कसा पोचणार? माझ्या मते या औषधाचे मोठेपण वेगळेच आहे: विषाणूला औषधाने गाठता येते, हे त्याने दाखवून दिले.

प्रुसॉफ तिथे थांबले नाहीत. ताइ-शुन लिन यांच्यासोबत त्यांनी स्टॅव्हुडिन हे औषध एचआयव्हीला रोखते, हे शोधले. त्याचे पेटंट येलकडे होते आणि किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर. २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने स्टॅव्हुडिनसह तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. पेटंटची पकड सैल व्हावी, असे प्रुसॉफही उघडपणे म्हणाले. १ एप्रिल २००४पासून भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली, सुरुवातीला त्यांत स्टॅव्हुडिनही असे.

तरण्या माणसाच्या डोळ्यावर नागीण उठली की डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात, ते उगाच नव्हे: प्रतिकारशक्ती ढासळली की दबून बसलेला विषाणू डोके वर काढतो.