मूत्रपिंडाची हाक : रक्तदाबाच्या एका शोधाची हकीकत

आपल्या घरांतून बी.पी.ची गोळी आता मिठाच्या बरणीइतकी परिचयाची झाली आहे. इस्राएलात असो, मुंबईत असो की येथे अमेरिकेत, साठी ओलांडलेल्या माणसाच्या उशाशी 'प्रिल' किंवा 'सार्टन' या अक्षरांनी संपणाऱ्या नावाची बाटली बहुधा असतेच. लिसिनोप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, वाल्सार्टन. डॉक्टरांनी दिली म्हणून आपण ती घेतो आणि बरे वाटू लागले की आपल्याच मनाने बंदही करतो. आम्ही या देशातील इस्पितळांतून बरीच वर्षे परिचारिकेचे काम केले आणि गोळी सोडलेली माणसे अर्धे अंग लुळे पडून आलेली पाहिली. आपल्या लोकांत तर समजूत अशी, की बी.पी. हा रागाचा नि काळजीचा रोग, "चिडू नकोस, बी.पी. वाढेल," हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. राग आणि काळजी यांचा संबंध नाही असे नव्हे. पण या दुखण्याची एक मोठी किल्ली मूत्रपिंडात आहे, हे सुमारे नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात सिद्ध झाले. त्याची ही हकीकत.

त्या काळी वैद्यकाची स्थिती काय होती हे समजण्यास अध्यक्ष रूझवेल्ट यांचे उदाहरण पुरे. मार्च १९४४ मध्ये बेथेस्डा येथील नौदलाच्या इस्पितळात डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब १८६ वर १०८ होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला देण्यासारखे औषध म्हणजे हृदयासाठी डिजिटॅलिस. बाकी मीठ कमी, सिगारेटी कमी आणि विश्रांती. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले, त्या वेळी दाब ३०० वर १९० भरला. त्या काळी पुष्कळ मोठे डॉक्टरही असे मानीत, की कडक झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलण्यास जास्त दाब आवश्यकच असतो, तो उतरवणे धोक्याचे. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावात ती कल्पना अजून घर करून आहे.

शोधाचे पहिले पाऊल मात्र फार आधी पडले होते. १८९८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट हे फिनलंडचे प्राध्यापक व त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, तो त्याचा रक्तदाब वाढला. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी 'रेनिन' हे नाव दिले. पुढे छत्तीस वर्षे त्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही.

ते वळवले हॅरी गोल्डब्लॅट यांनी. १८९१ साली आयोवा राज्यातील मस्कटीन गावी ज्यू कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डॉक्टर झाले आणि क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवू लागले. शवविच्छेदन करताना त्यांना पुन:पुन्हा दिसे, की रक्तदाबाने मेलेल्यांच्या मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झालेल्या असत. बाकीचे म्हणत, दाबाने धमन्या बिघडल्या. गोल्डब्लॅट यांना शंका आली, हे उलट तर नसेल? त्यांनी चांदीचा एक लहानसा चिमटा बनवला, त्यास पेच होता. तो कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर बसवून पेच आवळला, इतकाच की रक्त कमी जावे, थांबू नये. रक्तदाब चढला. दोन्ही बाजूंस चिमटे लावले तर तो चढलेलाच राहिला. हे १९३४ साली प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाच्या नसा तोडल्या तरी दाब वाढतो, असेही दिसून आले; तेव्हा निरोप नसांतून नव्हे, रक्तातूनच जात असला पाहिजे. कार्य आणि कारण यांची अदलाबदल करून पाहण्याचे हे धाडस आम्हांस या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठे वाटते.

निरोप घेऊन जाणारे द्रव्य दोन ठिकाणी एकाच सुमारास सापडले. इंडियानापोलिसमध्ये अर्व्हिन पेज यांनी त्याला 'अँजिओटोनिन' म्हटले, तर ब्युनोस आयर्समध्ये एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस यांच्या मंडळींनी 'हायपरटेन्सिन'. वीसेक वर्षे दोन्ही नावे चालली. अखेर १९५८ साली दोघांनी समजुतीने अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे घेऊन 'अँजिओटेन्सिन' हे नाव ठरवले. (आपल्याकडे लग्नपत्रिकेवरच्या नावांचे वाद इतक्या शहाणपणाने मिटत नाहीत!) ब्राउन-मेनेंदेस पुढल्याच वर्षी विमान अपघातात गेले.

मधल्या काळात क्लीव्हलंडच्याच माजी सैनिकांच्या इस्पितळात लेनर्ड स्केग्ज यांनी दाखवले, की या द्रव्याची रूपे दोन असून पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारे एक एन्झाइम आहे. हेच स्केग्ज रक्त तपासणाऱ्या स्वयंचलित यंत्राचे जनक. आमच्यासारख्या परिचारिकांनी रक्ताच्या ज्या असंख्य बाटल्या प्रयोगशाळेत पाठवल्या, त्यांचे निकाल झटपट येऊ लागले ते त्यांच्यामुळे.

आता ही साखळी साध्या शब्दांत सांगू. मूत्रपिंडास रक्त कमी पोहोचले की ते रेनिन सोडते. यकृतात तयार झालेले एक प्रथिन रक्तात फिरत असते. रेनिन त्याचा दहा कड्यांचा तुकडा तोडते. तो तुकडा मुख्यत: फुप्फुसांतून जाताना स्केग्ज यांचे एन्झाइम त्याच्या दोन कड्या काढून घेते. उरलेला आठ कड्यांचा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन दोन. तो धमन्या आवळतो, तहान लावतो आणि मूत्रपिंडावरील ग्रंथीस अल्डोस्टेरॉन सोडावयास सांगतो. त्यायोगे मीठ आणि पाणी शरीरात राहते. ही मूळची रक्षणाचीच व्यवस्था आहे. बाळंतपणात रक्त गेले, जुलाबाने अंगातले पाणी गेले, तर हीच आपल्याला उभे ठेवते. बिघडते कुठे, तर चाळीतला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आठवा. टाकी भरलेली आहे, नळ त्याचा एकट्याचा तुंबलेला, तरी तो खाली ओरडून पंप लावावयास सांगतो. आणि साऱ्या चाळीचे पाइप फुटावयाची वेळ येते. गोल्डब्लॅट यांच्या कुत्र्यांचे असेच झाले.

येथे सांगितले पाहिजे, की बी.पी. असलेल्या प्रत्येकाच्या रक्तात रेनिन वाढलेले नसते. कित्येकांत ते कमीही असते आणि त्यांना लघवीवाटे मीठ काढणारी गोळी अधिक लागू पडते. म्हणून शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. आणि सुके बोंबील, पापड, लोणचे, शिवाय येथल्या डब्यातले सूप, हे सारे एकाच ताटात आले तर कोणतीही गोळी थकते.

साखळी तोडावयाचा उपाय सापडला तो सापाच्या विषात. ब्राझीलमधील जराराका या सापाच्या विषात ते एन्झाइम रोखणारे पदार्थ आहेत. सर्जिओ फेरेरा यांनी ते विष-द्रव्य लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेले. तेथून धागा न्यू जर्सीच्या स्क्विब कंपनीत आला. विषातले द्रव्य टोचूनच द्यावे लागे. पण डेव्हिड कुशमन व मिगेल ओंदेती यांनी १९७५ साली पोटात घेण्याजोगे कॅप्टोप्रिल घडवले. गोल्डब्लॅट १९७७ साली वारले, त्याच वर्षी रुग्णांवरील पहिले अनुभव छापून आले. १९८१ मध्ये अमेरिकन सरकारची मंजुरी मिळाली.

आम्ही येथे कामास लागलो तेव्हा ही गोळी नवीनच होती. जेवणाआधी तासभर, दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागे आणि बाटली उघडली की गंधकाचा वास येई. आरंभी मात्रा मोठी असल्याने पुरळ उठे, तोंडाची चव जाई. मात्रा उतरल्यावर ते कमी झाले. १९८७ साली स्कँडिनेव्हियातील अभ्यासात एनालाप्रिलने हृदय फारच थकलेल्यांचे सहा महिन्यांतील मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी घटले. १९९३ साली इन्सुलिनवर असलेल्या, मूत्रपिंड बिघडू लागलेल्या मधुमेहींत कॅप्टोप्रिलने मृत्यू, डायलिसिस वा मूत्रपिंडरोपण यांचा धोका निम्म्यावर आणला.

काही माणसांना 'प्रिल'ने कोरडा खोकला लागतो. घरी हळद-दूध नि मध देऊन महिने काढतात, खोकला जात नाही. तो डॉक्टरांस सांगावा. १९९५ पासून लोसार्टन आहे, त्याने सहसा खोकला होत नाही. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र तत्काळ इस्पितळ गाठावे. गरोदर स्त्रीस यांपैकी कोणतीही गोळी चालत नाही, बाळाच्या मूत्रपिंडांस ती घातक आहे. आणि दुकानात मिठाऐवजी मिळणारे पोटॅशियमचे मीठ या गोळ्यांबरोबर विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते.

२०२० च्या साथीत आम्हांस किती तरी फोन आले. करोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो याच साखळीतल्या एका दारातून, हे वाचून लोकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. मार्चमध्येच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी, गोळी आपल्या मनाने बंद करू नका, असे कळवले होते. पुढे ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. निम्म्यांची गोळी थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली. तीस दिवसांत दोहोंत फरक आढळला नाही.