शार्वरी संवत्सरांतील मल्लविद्येचें अध्यापन

शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे इ. स. २०२० मार्च २५, या दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. तत्पूर्वींच, मार्च १३ रोजीं, महाराष्ट्र सरकारनें साथरोग कायदा लागू करून मुंबई, पुणें, नागपूर आदि शहरांतील व्यायामशाळा बंद केल्या होत्या. हा कायदा इ. स. १८९७ मध्यें प्लेगाच्या साथींत केलेला. मूळचीं कलमें अवघीं चार. त्या साथींतील पुण्याच्या घरझडत्या व जून २२ रोजीं चापेकर बंधूंनीं रँडवर केलेला हल्ला हें प्रकरण वाचकांस विदितच आहे. त्याच कायद्यानें १२३ वर्षांनंतर तालमींचे दरवाजे लागले, तेव्हां उस्तादांनीं विद्या कशी चालविली, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

तालमींतील शिक्षणाचे दोन भाग आहेत. दंड, बैठका, करेल फिरविणें, लाठीचे हात हा एकट्यानें करावयाचा भाग. व जोड धरून डाव शिकणें हा दुसरा. पहिला भाग घराच्या गच्चीवर, शेताच्या बांधावर चालूं राहिला. उस्ताद मोबाईलच्या पडद्यावर दिसत व शिष्य त्यांचें पाहून करीत. दुसरा मात्र खुंटला. ढाक किंवा कलाजंग यांत प्रतिपक्ष्याचा भार कोणत्या क्षणीं ढळला हें हातास कळावें लागतें. डोळ्यांस तें उशिरा कळतें. शिवाय समोर तोंड करून दाखविलेला डावा हात शिष्यास उजवा भासे, ही अडचण निराळीच.

तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्यांनीं पूर्वीं मातींत चार-पांच वर्षें काढलीं होतीं, त्यांस पडद्यावरील एका इशाऱ्यानें सर्व उमजे. नवशिक्यास तासभर पाहूनही पकड साधत नसे.

या अनुभवावरून जुन्या ग्रंथांवर प्रकाश पडतो, असें आमचें मत आहे. चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत मल्लांचे प्रकार, आहार, श्रम व डावांचीं नांवें आहेत. परंतु तेवढ्यावरून डाव शिकतां येत नाहीं. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, त्यांत चित्रेंही विपुल आहेत; तरी चित्र म्हणजे हालचालींतील एक थांबा. अशा याद्या त्रोटक दिसतात म्हणून लेखकास दोष देण्याची रीति आहे. आम्हांस वाटतें, त्या नवशिक्यांकरितां नव्हत्याच. शिकलेल्यास आठवण देण्याकरितां होत्या. हा केवळ तर्क आहे, पण शार्वरी संवत्सरानें त्यास प्रत्यक्ष आधार दिला.

हानि केवळ विद्येची झाली नाहीं. चैत्रांतील यात्रांचीं मैदानें बुडालीं, व ज्या पैलवानाचा खुराक इनामावर चाले त्याच्या दुधा-तुपास कात्री लागली. ताक, तेल, हळद घालून नित्य उकरावयाची हौदाची माती न उकरल्यानें घट्ट झाली. महाराष्ट्र केसरी स्पर्धा जानेवारी २०२० मध्यें पुण्यास झाली, ती पुढें एप्रिल २०२२ मध्यें साताऱ्यास. राज्यांतील व्यायामशाळा ऑक्टोबर २५, २०२० रोजीं उघडल्या. ती निज आश्विनांतील विजयादशमी, शस्त्रपूजनाचा दिवस. टाळेबंदी सुरू होऊन बरोबर सात महिने झाले होते. पण सामुदायिक व्यायामास तेव्हांही मनाई राहिली, आणि एप्रिल २०२१ मध्यें दारें पुन्हा लागलीं.

प्लेगाच्या काळचे कागद आज आपण जपून ठेवतों. या साथीचे कागद मात्र फारसे कागदच नव्हते. उस्तादांचे पाठ, वेळापत्रकें, शिष्यांस दिलेल्या सूचना हें सर्व मोबाईलांत राहिलें, व यंत्र बदललें कीं तें नष्ट होतें. तीनशें वर्षांचा रुमाल वाळवींतून वांचतो, आणि कालपरवांचा पाठ हातचा जातो, असें होऊं नये. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, आपापल्या गांवच्या तालमींत जाऊन वृद्ध उस्तादांकडून त्या दोन वर्षांची हकीकत लिहून घ्यावी, आणि पाठ शिल्लक असतील त्यांच्या नकला करून ठेवाव्या. सांगणारे हयात आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.